तिन्ही घोडी कशी वाकडी असतील? एका बाजूला झुकणारी मांड ओळखून सरळ करण्याची पद्धत

"मॅडम, उजवा खांदा!"

रविवारी सकाळी साडेसहाला हे वाक्य मी जवळजवळ वर्षभर ऐकलं. रिसाल्यातून निवृत्त झालेले आमचे सर मैदानाच्या मधोमध उभे राहून ओरडायचे, मी खांदा उचलायचे, अर्धी फेरी बरी जायची आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. डावीकडे वळत गोल फेरी मारताना, म्हणजे डाव्या गोलात, घोडी आत पडायची, उजव्या गोलात बाहेर सरकायची. मी मनातल्या मनात तिलाच बोल लावायचे. रेसमधून आलेली आहे, एका अंगाने कडक असणारच. मग तिचा नाल निघाला म्हणून मला दुसरा घोडा मिळाला. ठेंगणा, सुस्त, तिच्या अगदी उलट. तोही डावीकडेच गेला. तिसऱ्यावर तेच झालं तेव्हा घोड्यांची देखभाल करणारे मोतद्दार काका खोगिराचा पट्टा, तंग, सैल करता करता म्हणाले, "ताई, तिन्ही घोडी कशी वाकडी असतील?"

घोडी वाकडी असतातच, हे आधी सांगते. आपल्यात जसे डावखुरे-उजवे असतात, तसं बहुतेक घोड्यांचं एक अंग सहज वळतं आणि दुसरं ताठ राहतं. पण वेगवेगळ्या घोड्यांवर तक्रार एकच येत असेल, तर बदल न झालेली गोष्ट एकच उरते, आणि ती खोगिरावर बसलेली असते. रायडिंग स्कूलमध्ये दर वेळी वेगळा घोडा मिळतो म्हणून आपण कुरकुरतो. या एका कामासाठी मात्र तो फायदाच आहे.

वाकडेपणा येतो कुठून

आठवड्यातून दोन तास आपण घोड्यावर असतो. उरलेला आठवडा पुण्यात काढायचा असतो, आणि पुण्यात काढायचा म्हणजे निम्मा दुचाकीवर. सिग्नलला गाडी थांबली की कुठला पाय खाली येतो बघा. उजवा पाय ब्रेकवर, म्हणून डावा. ब्रेक हातात असलेल्या स्कूटरवरही सवयीने डावाच. साइड स्टँड डावीकडे, म्हणून गाडी डावीकडे कलती करून आपण उतरतो. कर्वे रोडवर रोज असे वीसेक सिग्नल, वर्षानुवर्षं.

माझ्या बाबतीत आणखी एक कारण निघालं. दोन्ही मुलं मी डाव्या कडेवर वाढवली. उजवा हात कुकरला, फोनला, दाराच्या कडीला मोकळा हवा म्हणून मूल डावीकडे. तेव्हा शरीर काय करतं ते आरशात बघण्यासारखं आहे: कंबर डावीकडे बाहेर येते, मुलाचं वजन तोलायला धड उजवीकडे झुकतं, आणि उजव्या बरगड्या कमरेवर टेकल्यासारख्या होतात. मुलं आता कॉलेजात आहेत. माझी कंबर अजून कडेवर कोणी असल्यासारखीच उभी राहते.

घोडेस्वारीची रीतच मुळात एकांगी आहे. तलवार डाव्या कमरेला लटकायची, म्हणून डावीकडून चढायचं. लगाम डाव्या हातात, भाला उजव्या. आज कोणाच्या कमरेला तलवार नाही, तरी आपण चढतो डावीकडूनच. टेंट पेगिंगमध्ये (धावत्या घोड्यावरून जमिनीतला खुंटा भाल्याने उचलायचा खेळ) भाला खाली नेताना स्वार उजवीकडे वाकतो, पोलोची काठी तर नियमानेच उजव्या हातात धरावी लागते. हे खेळ वाईट नाहीत. पण ते खेळणाऱ्यांनी पुढचं जरा जास्त लक्ष देऊन वाचावं.

घोड्याला नेमकं काय जाणवतं

इथे थोडं थांबते, कारण बहुतेक चुकीचे उपाय इथल्याच गैरसमजातून निघतात.

उजवा खांदा खाली दिसतो, म्हणून वाटतं की वजन उजवीकडे आहे. प्रत्यक्षात बहुधा उलटं असतं. उजवी कूस, म्हणजे बरगड्या आणि कंबर यांच्यामधली बाजू, दुमडली की खांदा उजवीकडे पडतो, पण ओटीपोटाचा सगळा सांगाडा डावीकडे ढकलला जातो. म्हणजे भार येतो डाव्या बैठकीच्या हाडावर. (कडक पाटावर बसून दोन्ही हात बुडाखाली घातले की बोटांना टोचतात ती दोन हाडं. घोड्याशी आपलं खरं बोलणं तिथूनच होतं.) पाठीवर भार एका बाजूला गेला, की घोडा तोल सावरायला त्याच बाजूला, भाराच्या खाली पाय टाकतो. डोक्यावरची घागर कलली की आपण तिकडेच पाऊल टाकतो, तसंच. म्हणून माझी घोडी डाव्या गोलात आत यायची आणि उजव्या गोलात बाहेर जायची. ती आज्ञाधारक होती, मी आज्ञा चुकीची देत होते.

आता "उजवा खांदा उचला" हा उपाय तपासा. खांदा वरून उचलला की धड डावीकडे जातं आणि डाव्या हाडावरचा भार आणखी वाढतो. दिसायला सरळ, बसायला जास्त वाकडं. सरांची नजर अचूक होती, औषध मात्र रोग सोडून भलतीकडे लावलं जात होतं.

दुमडलेल्या बाजूचा पायही वर खेचला जातो. उजवी रिकीब (पाय ठेवायची कडी) सारखी निसटते, लांब वाटते. मग आपण काय करतो? उजवीकडचा पट्टा एक भोक आखूड. झालं, वाकडेपणाला टेकू मिळाला.

पहिली पायरी: घरी पुरावा गोळा करा

"मला तर सरळ बसल्यासारखं वाटतं" हे विसरा. ज्या शरीराला वाकडं हेच सरळ वाटतं, त्याची साक्ष चालत नाही. बाहेरचा पुरावा लागतो.

दोन वजनकाटे मिळवा, एक शेजारून मागून आणा. शेजारी शेजारी ठेवून एकेका काट्यावर एकेक पाय, नजर समोर, आणि आकडे दुसऱ्या कोणाला तरी वाचू द्या. आपण खाली पाहिलं की भार बदलतो. मग काट्यांची अदलाबदल करून पुन्हा, म्हणजे काट्यातला दोष वगळता येतो. माझं वजन ५८ किलो. डाव्या पायाखाली ३३, उजव्याखाली २५. मी उभी राहिले होते ती "अगदी सरळ".

चपलांचे तळ बघा, कुठली टाच जास्त झिजलीय. मांडी घालून बसताना कुठला पाय आधी आत जातो, आणि पाय बदलून बसलं की किती अवघडल्यासारखं होतं? सूर्यनमस्कार घालत असाल तर मागे जाणारा पहिला पाय दर वेळी तोच आहे का? आलटून पालटून घ्यावा हे शिकवलेलं सगळ्यांना असतं, करतं कोण! पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना, दम लागल्यावर, शरीराला वर ढकलणारा पाय कोणता तेही पाहून ठेवा. दमलेलं शरीर खोटं बोलत नाही.

हे सगळं एका वहीत लिहा. डावा-उजवा असे दोन रकाने पुरे.

दुसरी पायरी: चढण्याआधी सामान तपासा

रिकिबीचे पट्टे सोडवून दोन्ही एकत्र खिळ्याला टांगा. भोकं जुळतात का? आम्ही टांगले तेव्हा डावीकडचा जवळजवळ बोटभर लांब निघाला. रोज त्याच पट्ट्यावर लटकून चार-पाच जण चढत असतील तर चामडं ताणणारच. म्हणजे भोकं मोजून "दोन्ही सातव्यावर" म्हणण्यात अर्थ नव्हता. तेव्हापासून काका दर सोमवारी पट्ट्यांची अदलाबदल करतात.

चढायला स्टूल किंवा ओटा वापरा. जमिनीवरून चढण्यात मर्दुमकी आहे असं मानणारे लोक आहेत, असोत. पण जमिनीवरून चढताना खोगीर डावीकडे ओढलं जातं, घोड्याच्या खांद्याच्या उंचवट्यावर दाब येतो, आणि कालांतराने खोगिराचा सांगाडाही पिळवटू शकतो. घोडा शांत असेल तर अधूनमधून उजवीकडून चढायला शिका. पहिल्या वेळी लगाम धरायला कोणीतरी हवंच, कारण घोड्यालाही ते नवीन असतं आणि आपल्याला तर लाज वाटावी इतकं अवघड जातं.

खोगीर चढवल्यावर मागे उभं राहून बघा: त्याच्या मधली खाच घोड्याच्या कण्याच्या रेषेत आहे का? वेगवेगळे स्वार बसूनही एखाद्या घोड्यावर खोगीर कायम एकाच बाजूला सरकत असेल, तर मागच्या पायातलं दुखणं हे त्याचं एक कारण असतं, लंगड उघड दिसत नसली तरीही. तिथे स्वाराने व्यायाम करून काही होणार नाही, पशुवैद्यांना दाखवायला हवं.

तिसरी पायरी: मागून फोटो

गडद टी-शर्ट, त्यावर मानेपासून कमरेपर्यंत कण्यावर पांढरी चिकटपट्टी, दुसरी पट्टी दोन्ही खांद्यांवरून आडवी. घोडा सपाट जमिनीवर चारही पायांवर नीट उभा. मित्राने बरोब्बर मागून, पण लाथेच्या टप्प्याबाहेर राहून, फोटो काढायचा. मग दोन्ही पाय रिकिबीतून काढून, लोंबते सोडून दुसरा. मग सरळ रेषेत चालत दूर जातानाचा व्हिडिओ.

फोटोत खांदे सगळ्यात शेवटी बघा. आधी शेपटीच्या मुळाची रेषा, मग खोगिराचा मध्य, मग पँटची मधली शिवण, मग पट्टी. खालून वर. माझ्या फोटोत शिवण खोगिराच्या मध्यापासून दोन बोटं डावीकडे होती आणि पट्टीचा आकार ढोबळमानाने धनुष्यासारखा. काकांनी फोनवर बोटांनी फोटो मोठा करून पाहिला आणि एवढंच म्हणाले, "हां."

चौथी पायरी: चालीत, म्हणजे साध्या कदमात

सगळ्यांना घाई असते ट्रॉटची, म्हणजे दुडकीची. या कामासाठी पहिले दोन-तीन आठवडे कदमच चांगला.

रिकिबी सोडा, किंवा खोगिरापुढे आडव्या टाका. मैदान बंदिस्त हवं, घोडा कोणीतरी धरलेला किंवा लंजच्या दोरीवर (मधोमध उभं राहून घोडा गोल फिरवायची लांब दोरी). हेल्मेट अर्थातच. आता फक्त बुडाकडे लक्ष. घोड्याचा मागचा डावा पाय हवेत पुढे येतो तेव्हा त्याचं पोट उजवीकडे डुलतं आणि आपलं डावं हाड किंचित खाली, पुढे जातं. मग उजवं. डावं, उजवं, डावं, उजवं, पाळण्यासारखं. मोठ्याने म्हणा. एका बाजूचं "खाली जाणं" स्पष्ट लागेल, दुसरी बाजू मुकी असेल. मला उजव्या बाजूला काहीच कळत नव्हतं, जणू ते हाड घरी ठेवून आले होते.

मुकी बाजू बोलती करण्यासाठी मला लागू पडलेला उपाय असा. उजवा हात सरळ वर करायचा, झाडावरचा आंबा तोडायला करतो तसा, आणि त्याच वेळी उजवी मांडी नितंबापासून जड करून खाली सोडायची. वर हात, खाली गुडघा, मधली कूस लांब. पाच श्वास. मग हात खाली आणायचा, कूस मात्र लांब राहू द्यायची. त्यानंतर दोन्ही हात खोगिराच्या पुढच्या कडेवर ठेवून सगळी बैठक उचलून एक बोटभर उजवीकडे ठेवायची. झुकायचं नाही, सरकायचं. या दोन शब्दांतला फरक कळायला मला महिना लागला.

मधोमध आलात की तुम्हाला आपण उजवीकडे पडतोय असं वाटेल. वाटू द्या. तेव्हाच कोणाला तरी फोटो काढायला सांगा आणि लगेच बघा. वाटणं आणि दिसणं यांची गाठ घालून द्यायची तर दोन्ही एकाच मिनिटात व्हायला हवं. घरी जाऊन रात्री पाहिलेल्या फोटोने शरीर काही शिकत नाही.

पाचवी पायरी: दुडकी

दुडकी चालीत घोडा पाय तिरक्या जोडीने टाकतो: पुढचा डावा मागच्या उजव्याबरोबर आणि उलट. उठ-बस करत दुडकी काढताना आपण दर वेळी एकाच जोडीवर बसतो. गोलात नियम असा की बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे जाताना उठायचं, मागे येताना बसायचं. डाव्या गोलात म्हणजे उजव्या खांद्याकडे नजर.

आता गंमत करा. सरळ रेषेत, खाली न बघता उठ-बस सुरू करा आणि मग बघा कुठल्या जोडीवर आलात. दहा वेळा. माझं दहापैकी नऊ वेळा एकच. घोडाही त्यात सामील असतो. ज्या जोडीवर त्याला सोपं जातं तिच्यावर तो आपल्याला हळूच बसवून देतो. म्हणून गावाबाहेर लांब रपेटीला जाताना विजेच्या दर दहा खांबांनंतर जोडी बदलावी. गोलात नियम सांभाळणारेही सरळ रस्त्यावर मैलभर एकाच जोडीवर बसून राहतात.

उठताना दोन्ही रिकिबींवर सारखा जोर येतोय का? उठल्यावर बेंबी घोड्याच्या मानेच्या रेषेत आहे की एका कानाकडे? मला सरांनी आयाळीकडे बघून उठायला लावलं, तेव्हा लक्षात आलं की मी दर वेळी डाव्या कानाकडे उठत होते.

सहावी पायरी: गोल आणि कँटर, म्हणजे दुडकीच्या पुढची वेगवान चाल

२० मीटर व्यासाचा गोल आखा. ड्रेसाजचं (घोड्याकडून ठरलेल्या चाली आणि आकृत्या करून घेण्याचा खेळ) मैदान २० मीटर रुंदच असतं, तेव्हा दोन लांब भिंतींना टेकणारा गोल म्हणजे झालं. चार बिंदूंवर, रेषेच्या जरा आत, चार कोन (रस्त्यावर ठेवतात तसे शंकू) ठेवा आणि प्रत्येक कोनाच्या बाहेरून, हातभर अंतराने जा. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, तितक्याच फेऱ्या. जुलै-ऑगस्टमध्ये मैदानाचा एक कोपरा हमखास चिखलाचा असतो आणि घोडा तिथून अंग चोरतो. ती वाकडी फेरी आपल्या हिशेबात धरायची नाही.

आवडत्या बाजूला जास्त वेळ जाणार, हे ठरलेलंच. घड्याळ लावा. नावडत्या बाजूने सुरुवात आणि शेवटही नावडत्या बाजूने, पण थोडा. नावडत्या बाजूवर अर्धा तास रगडलं तर घोड्याचे स्नायू आणि आपला संयम दोन्ही संपतात.

कँटरमध्ये स्वतःचा उजवा पाय पुढे ठेवून निघायला माझी घोडी तयार नसायची. मी टाच जास्त जोरात लावायचे. बैठक डावीकडे असताना ती बिचारी उजवीकडून निघणार कशी? मधोमध बसायला लागल्यावर पाच-सहा आठवड्यांनी एके दिवशी ती सहज उजव्यावर निघाली. मी इतकी दचकले की लगाम खेचून तिला थांबवूनच टाकलं.

घोड्यावरून उतरल्यावर

दात घासताना एका पायावर उभं राहणं, सकाळी मुक्या बाजूचा, रात्री दुसरा. कुशीवरचा प्लँक दोन्ही बाजूंनी, कमजोर बाजू आधी. पिशवीचा खांदा बदलणं. सिग्नलला पाय टेकायचा तो टेका, पण कंबर बाहेर काढून त्या पायावर रेलू नका. गिअरच्या गाडीवर उजवा पाय टेकायचे प्रयोग रहदारीत करू नयेत, मी केलाय, मागचा रिक्षावाला काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एका पायाची लांबी खरोखरच कमी असेल किंवा कणा बाजूला वळलेला असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना भेटा. तिथे रिकीब एक भोक कमी-जास्त ठेवणं योग्यही असू शकतं, पण ते मोजून, त्यांच्या सल्ल्याने. आणि आरशातल्यासारखं सारखं शरीर ही घोडेस्वारीची अट नाहीच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, जिथे खाशाबा जाधवांनी कांस्य मिळवलं, तिथेच डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी ड्रेसाजमध्ये रौप्य जिंकलं. पोलिओमुळे गुडघ्यांखालचे पाय निकामी होते, घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची. पाय चालत नव्हते, पण बैठक चालत होती.

किती दिवस

माझा हिशेब असा होता: प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटं रिकिबीशिवाय कदम, मग गोल, दर रविवारी फोटो, महिन्यातून एकदा वजनकाटे. तिसऱ्या महिन्यात काटे ३१-२७ वर आले. एखादा महिना परीक्षांचे पेपर तपासत खुर्चीत गेला की पुन्हा ३२-२६. दमल्यावर, घाबरल्यावर आणि थंडीत अंग आखडल्यावर जुनी सवय आधी उठते, त्यामुळे नवीन घोडा किंवा पहिली उडी असेल त्या दिवशी सरळपणाचा हट्ट धरू नये.

सर अजूनही ओरडतात, पण वाक्य बदललंय: "मॅडम, उजवी कूस." परवा एक नवीन मुलगा आला, सॅक एका खांद्यावर, हेल्मेट हातात. घोड्यावर बसला आणि पहिल्याच फेरीत उजवी रिकीब सुटली. उतरून तो पट्टा एक भोक वर घेत होता, तेव्हा काकांनी त्याचा हात धरला आणि मला हाक मारली, "ताई, ती चिकटपट्टी कुठंय?"